न्यूयॉर्कमध्ये सेंट पॅट्रिक कॅथेड्रल दोन आहेत का? आईबाबांना कोणतं दाखवू?

भटकी_मांजर

ऑक्टोबरमध्ये आईबाबांना घेऊन न्यूयॉर्कला जातेय, मुक्काम मिडटाउनला आहे. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर वगैरे यादी आईच्या शाळेच्या ग्रुपने आधीच पाठवलीय, त्यात माझं काही चालणार नाही. पण आईला ह्या वेळी एक मोठं जुनं चर्च नीट आतून बघायचंय, म्हणजे बाहेरून फोटो काढला आणि चला पुढे असं नको, आत जाऊन बसायचं, कुठे काय असतं ते समजून घ्यायचं, असं तिचं म्हणणं. मी मॅपवर सेंट पॅट्रिक टाकलं तर दोन दिसली, एक फिफ्थ अव्हेन्यूवर रॉकफेलर सेंटरच्या समोर आणि दुसरं खाली डाउनटाउनला मलबेरी स्ट्रीटजवळ, त्याच्या नावात ‘ओल्ड’ आहे. ही काय भानगड आहे? दोन्ही कॅथलिकच का? एकच बघायचं तर कोणतं?

तिकीट लागतं का, गाइड घ्यावा की आपलं आपण फिरावं, आणि आम्ही ख्रिश्चन नाही तर प्रार्थना चालू असताना आत शिरलो तर कुणी हटकतं का तेही सांगा. बाबांच्या गुडघ्यांची बोंब आहे, जिने कमी असले तर बरं. शिवाय आईचे स्वतःचे प्रश्न आहेत, जसेच्या तसे टाकते: चपला बाहेर काढायच्या का, डोक्यावरून ओढणी घ्यायची का, आणि मेणबत्ती लावली तर चालते का.

जर्सीचे_नाना

मांजरताई, दोन्ही दाखवा. आणि आधी खालचं, मग वरचं. लोक नेमकं उलटं करतात, फिफ्थ अव्हेन्यूचं ते पांढरं भव्य प्रकरण आधी मान दुखेपर्यंत बघून घेतात आणि मग डाउनटाउनला आले की म्हणतात हे काय, हे तर साधंच आहे. खालून सुरुवात केली की वरचं एवढं अवाढव्य कशाला बांधलं ते आपोआप कळतं. आमच्याकडे जो कुणी पाहुणा येतो त्याला मी ह्याच क्रमाने फिरवतो, बायको म्हणते तुम्हाला पाहुण्यांपेक्षा चर्चचाच पुळका जास्त, असो.

तर भानगड अशी आहे. जिथे बिशपची गादी ते कॅथेड्रल, मग इमारत लहान असो की मोठी. खालचं ते पहिलं, १८०९ ला पायाभरणी, १८१५ ला उघडलं. आर्किटेक्ट जोसेफ फ्रांस्वा मांजाँ, न्यूयॉर्कच्या सिटी हॉलचं डिझाइन ज्या दोघांच्या नावावर आहे त्यातला एक. त्या काळात इथले कॅथलिक म्हणजे बरेचसे आयरिश, पुरुष गोदीत नाहीतर बांधकामावर राबणारे आणि बायका श्रीमंतांच्या घरी कामाला, आणि इथल्या जुन्या प्रोटेस्टंट लोकांना ही माणसं डोळ्यासमोर नको असायची. हे पोपचं ऐकणार, आपली कामं पळवणार, वस्तीत घाण करणार, सगळी बोलणी तीच जी प्रत्येक नव्याने येणाऱ्याला ऐकावी लागतात. चर्चच्या दफनभूमीभोवती विटांची उंच भिंत दिसेल, ती नुसतं कुंपण म्हणून सोडून देऊ नका, दंगेखोर चाल करून आले तर अडवता यावं हा त्या भिंतीचा हेतू होता. १८४४ ला फिलाडेल्फियात कॅथलिक चर्चेस जाळली तेव्हा इथले बिशप होते जॉन ह्यूज, त्यांनी आपली माणसं चर्चच्या रक्षणाला उभी केली आणि मेयरला बजावलं की इथे एक जरी चर्च जळलं तर न्यूयॉर्कचं मॉस्को होईल, म्हणजे नेपोलियनच्या वेळी जळालेलं मॉस्को. न्यूयॉर्कमध्ये चर्च जळलं नाही. ह्या ह्यूज साहेबांना लोक ‘डॅगर जॉन’ म्हणायचे, यावरून स्वभावाची कल्पना येईल.

आत आत्ता जे दिसतं ते मात्र नंतरचं, १८६६ ला साध्या अपघाती आगीत चर्च आतून जळालं (दंग्यांतून वाचलं आणि मग असं झालं!) आणि दुरुस्त करून १७ मार्च १८६८ ला परत उघडलं, तारीख मुद्दाम सेंट पॅट्रिकच्या दिवसाची. हेन्री अर्बेनने बनवलेला ऑर्गन त्याच वर्षीचा, मागे वर गॅलरीत बघा. १८७९ ला गादी फिफ्थ अव्हेन्यूवर गेली आणि हे आपलं मोहल्ल्यातलं चर्च झालं. आयरिश गेले, इटालियन आले, आता आजूबाजूला नुसती महागड्या कपड्यांची दुकानं. २०१० मध्ये पोप बेनेडिक्टनी त्याला बॅसिलिकाचा दर्जा दिला, म्हणून बोर्डावर तेही नाव दिसेल. मध्यंतरी उन्हाळ्यात दफनभूमीतलं गवत खायला चक्क मेंढ्या आणून सोडायचे, मॅनहॅटनमध्ये! मी स्वतः भिंतीच्या फटीतून बघितल्यात.

आता माझा आवडता माणूस. पिएर टूसाँ. जन्म हैतीत, तेव्हा ती फ्रेंच वसाहत होती, गुलाम म्हणून जन्मला. मालक १७८७ ला न्यूयॉर्कला घेऊन आला आणि ह्याला केशभूषेचं काम शिकायला लावलं. त्या काळच्या श्रीमंत बायकांच्या त्या मनोऱ्यासारख्या केशरचना, त्यात हा इतका पटाईत झाला की भरपूर कमवायला लागला. मालक मेला, पैसा बुडाला, तर ह्याने मालकाच्या विधवेचं घर स्वतःच्या कमाईवर चालवलं, तेही गुलाम असतानाच. १८०७ ला सुटका झाली. त्यानंतर अनाथ मुलांना घरी ठेवून घेणं, पिवळ्या तापाच्या साथीत आजाऱ्यांची सेवा, चर्चसाठी वर्गणी गोळा करणं, हे सगळं. १८५३ ला गेला आणि ओल्ड सेंट पॅट्रिकच्या दफनभूमीत पुरला. आणि १९९० मध्ये त्याचे अवशेष तिथून काढून फिफ्थ अव्हेन्यूच्या कॅथेड्रलच्या मुख्य वेदीखालच्या तळघरात नेले, जिथे फक्त आर्चबिशप आणि चर्चच्या वरिष्ठांना जागा. पाद्री नसलेला तिथला तो पहिलाच. संतपदाच्या वाटेवर त्याला आता ‘व्हेनरेबल’ म्हणतात, ते १९९६ ला झालं.

म्हणून म्हणतो खालून वर जा. टूसाँ ज्या रस्त्याने गेला तोच रस्ता.

रिकामटेकडा

एक कॅथेड्रल बघितलं की सगळी बघितली. काचा, खांब, मेणबत्त्या. त्यापेक्षा समोरच टॉप ऑफ द रॉक आहे, तिथे वर जा, सगळं शहर दिसतं. आईबाबा खूश.

बावखल

रिकामटेकडे, एक किल्ला बघितला की सगळे बघितले असंही म्हणता का? 🙂

मांजर, मी वसईची, कॅथलिक, सध्या क्वीन्समध्ये राहते. काकूंचे प्रश्न मला फार आवडले, त्यांना सांगा की चपला काढायच्या नाहीत, डोक्यावरून काही घ्यायचं नाही (आमच्या आज्या घ्यायच्या, आता कुणी घेत नाही), पुरुषांनी मात्र टोपी काढायची, तेवढं काकांना सांगा कारण ऑक्टोबरमध्ये थंडीची टोपी असेल डोक्यावर आणि विसरतात. मेणबत्ती खुशाल लावा, बाजूच्या छोट्या वेद्यांसमोर ठेवलेल्या असतात, शेजारच्या पेटीत जमेल तेवढे पैसे टाकायचे. कुणी जात-धर्म विचारत नाही. दाराशी पाण्याचं भांडं असतं, लोक बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात, तुम्ही नाही केली तरी चालतं.

मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक प्रार्थना, चालू असली तरी आत जाता येतं. फिफ्थ अव्हेन्यूला आठवड्याच्या दिवशीसुद्धा सकाळी, दुपारी, संध्याकाळी मिळून बऱ्याच मिस्सा असतात, त्यामुळे कुठली ना कुठली सापडतेच. मिस्सेच्या वेळी फिरणं आणि फोटो बंद, बास. मला विचाराल तर काकूंना मुद्दाम एका मिस्सेला बसवा, आठवड्यातल्या दिवसाची साधी मिस्सा अर्ध्या तासात उरकते. मागच्या बाकांवर बसायचं, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, सगळे गुडघे टेकतात तेव्हा काकांनी नुसतं बसून राहिलं तरी काही बिघडत नाही, निम्मे म्हातारे तेच करतात. मध्येच शेजारचा माणूस हात पुढे करेल किंवा मान लववून शांती असो म्हणेल, त्याला तसंच म्हणायचं, दचकायचं नाही. नंतर सगळे रांगेने पुढे ख्रिस्तप्रसाद घ्यायला जातात त्या रांगेत मात्र जाऊ नका. आपल्याकडे प्रसाद म्हटलं की सगळ्यांनी हात पुढे करायचा ही सवय, आणि इथे कुणी रागावणार नाही पण तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो. आपण बाकावर बसून राहायचं. ह्या एका गोष्टीवरून पाहुण्यांची फार धांदल उडते म्हणून आधीच सांगून ठेवते.

वेदीच्या बाजूला एक लाल दिवा सतत जळत असतो, तो दिसला की समजायचं ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर तिथल्या पेटीत ठेवलेली आहे. लोक त्या दिशेला एक गुडघा टेकून मग बाकात शिरतात, ते का करतात हे काकू नक्की विचारतील. आणि पडदा किंवा दार असलेल्या लाकडी खोल्या दिसतील, तो पापनिवेदनाचा कक्ष, तिथे डोकावायचं नाही (माझ्या नणदेचा मुलगा फोटो काढायला आत शिरला होता, आत माणूस होता).

हे झालं कसं वागायचं. बघायचं काय ते माझ्या मते सगळ्यात मागे आहे आणि लोक तिथपर्यंत जातच नाहीत. देवळात प्रदक्षिणेचा मार्ग असतो तसा मुख्य वेदीच्या मागून फिरून यायचा मार्ग आहे, तिथून गेलं की मारियामातेचं छोटं चॅपल लागतं, तिथे पर्यटकांचा गलका एकदम कमी होतो. जवळच ‘पिएता’ आहे, मांडीवर मृत येशूला घेतलेली मारिया, विल्यम पार्ट्रिज नावाच्या शिल्पकाराची १९०६ ची. रोमच्या मायकेलअँजेलोच्या पिएतापेक्षा तिप्पट मोठी. आकाराचं मला फारसं काही नाही, पण तिच्यासमोर तुम्ही उभं राहिलात की येशूचा हात तुमच्या इतक्या जवळ लोंबकळत असतो की नजर वर चेहऱ्याकडे जायला वेळ लागतो.

मग बाजूच्या भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रशिल्पं, ती हॉलंडमध्ये घडवलेली आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं होतं. हो तेच प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. काकांना हे सांगा, गुडघेदुखी विसरतील. त्या चौदांमध्ये पिलाताच्या निवाड्यापासून कबरीपर्यंत पूर्ण गोष्ट क्रमाने आहे, कुणाला येशूची गोष्ट नीट माहीत नसेल तर एकेकासमोर थांबत गेलं की कळते, वेगळा गाइड लागत नाही.

नानांच्या टूसाँबद्दल एक, ते तळघर एरवी बंद असतं. वेदीच्या मागच्या बाजूला त्याचं दार आहे, तेवढं बघता येतं. आणि तिथे उभं राहून वर बघा, छतापासून तारेने लाल टोप्या लटकवलेल्या आहेत, रुंद काठाच्या, गोंडेवाल्या. न्यूयॉर्कचे जे आर्चबिशप कार्डिनल (पोपच्या खालोखालचा हुद्दा) झाले त्यांच्या त्या. कार्डिनल गेला की त्याची टोपी वर टांगायची आणि ती कुजून आपोआप खाली पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही अशी पद्धत. फार कमी लोकांचं लक्ष जातं.

दगडू_स्थापत्य

वा, धागा छान चाललाय. मी इमारतीचं बोलतो, बाकी वरच्या दोघांनी सांगितलंच.

फिफ्थ अव्हेन्यूच्या कॅथेड्रलचा आर्किटेक्ट जेम्स रेनविक, स्वतः प्रोटेस्टंट, डाउनटाउनचं ग्रेस चर्च आणि वॉशिंग्टनचा स्मिथसोनियन कॅसल ह्याचेच. १५ ऑगस्ट १८५८ ला पायाभरणी, मग यादवी युद्धात काम ठप्प, १८६५ नंतर परत सुरू, १८७९ च्या मे महिन्यात उद्घाटन, मनोरे त्यानंतर १८८८ ला पूर्ण, उंची ३३० फूट. ह्यूजनी जागा निवडली तेव्हा तो भाग शहराच्या पार बाहेर होता आणि लोक ‘ह्यूजचा वेडेपणा’ म्हणून हसायचे, इतक्या लांब रानात कोण येणार प्रार्थनेला. आज तिथला एक चौरस फूट परवडणारा माणूस दाखवा. सुरुवातीचा पैसा असा जमवला की शंभरावर श्रीमंतांकडून प्रत्येकी हजार डॉलर, आणि नंतर खरा गाडा ओढला तो नानांनी सांगितलं त्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या आणि हमालांच्या छोट्या छोट्या वर्गणीने.

आता गंमत. गॉथिक चर्चला बाहेरून कमानीसारखे टेकू असतात ना, ‘फ्लाइंग बट्रेस’, पॅरिसच्या नोत्र दामला आहेत तसे. ते इथे शोधा. नाहीत! दगडी छताचं वजन भिंतींना बाहेर ढकलतं म्हणून ते टेकू लागतात, आणि इथे पैसे वाचवायला छताच्या कमानी दगडाच्या न करता हलक्या प्लास्टरच्या केल्या आणि दगडासारखा रंग दिला. मग टेकूंची गरजच उरली नाही. पण त्यांची जागा रेनविकच्या मूळ डिझाइनमध्ये होती म्हणून बाजूच्या रस्त्यावरून बघितलं तर बाहेरच्या खांबांवर उंच सुळके दिसतात, ज्यांच्यावर टेकू यायचे ते आलेच नाहीत. आत उभं राहून वरचं छत दगडाचं नाही हे सांगून सुद्धा पटत नाही. काही शुद्धतावादी ह्याला फसवणूक म्हणतात, मला तर बजेट सांभाळून केलेलं उत्तम काम वाटतं.

बाहेरचा दगड पांढरा संगमरवर, बराचसा जवळच्याच टकाहोचा. धुरा-धुळीने काळवंडला होता, २०१२ ते २०१५ मध्ये पूर्ण साफसफाई आणि दुरुस्ती झाली, १७ कोटी ७० लाख डॉलर खर्च आला, आणि काम संपत आलं तोच २०१५ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस येऊन गेले. त्याच सुमारास जमिनीखाली विहिरी खणल्या, मॅनहॅटनचा कातळ फोडून २२०० फुटांपर्यंत खोल, आणि जमिनीतल्या कायम तापमानावर आता हे एवढं धूड उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम ठेवतात, २०१७ पासून. चर्चच्या चारपट खोल... नाही, मनोऱ्याच्या उंचीच्या साडेसहापट खोल. आजूबाजूच्या गगनचुंबी इमारतींनी अजून केलं नाही ते ह्या म्हाताऱ्या इमारतीने केलं. आत असताना काही दिसत नाही त्यातलं, पण माहीत असलेलं बरं.

शिरताना मुख्य काशाच्या दरवाज्यांपाशी दोन मिनिटं थांबा. १९४९ चे आहेत, एकेका झडपेचं वजन चार टनांच्या वर. त्यावर सहा पुतळे आहेत, सेंट जोसेफ आणि सेंट पॅट्रिक आहेतच, पण बाकीचे चार सगळे ह्याच प्रदेशाशी जोडलेले. त्यात काटेरी टेकाकविथा म्हणून मोहॉक आदिवासी मुलगी आहे, एलिझाबेथ सेटन आहे आणि मदर काब्रिनी, इटालियन स्थलांतरितांसाठी आयुष्य काढलेली बाई. दरवाजे बसवले तेव्हा काब्रिनी तीनच वर्षांपूर्वी संत झाली होती, सेटनला संतपद १९७५ ला मिळालं आणि काटेरीला तर थेट २०१२ ला. म्हणजे दरवाजा साठ-पासष्ट वर्षं आधीच तिला धरून बसला होता.

आणि आत गेल्यावर वळून मागे बघायला विसरू नका. ऑर्गनच्या वरची ती गोल खिडकी, २६ फूट व्यासाची, बॉस्टनच्या चार्ल्स कॉनिकची, निळा रंग असा की दुपारनंतर पश्चिमेचा प्रकाश आला की बघत बसावं. फिफ्थ अव्हेन्यू पश्चिमेला आहे, म्हणून ही खिडकी बघायची तर दुपार, सकाळी नाही. बाकी बऱ्याच काचा फ्रान्सहून आलेल्या आहेत, शार्त्र आणि नांतच्या कारखान्यांतून. एका खिडकीत तर रेनविक स्वतःच आहे, आर्चबिशपना नकाशे दाखवताना. आर्किटेक्टने स्वतःलाच चर्चच्या काचेत बसवलं, हिंमत लागते.

रिकामटेकडा

बरं बुवा, छत प्लास्टरचं आहे हे माहीत नव्हतं. तरी टॉप ऑफ द रॉक कराच.

जर्सीचे_नाना

दगडूशेठ, दुपारचा प्रकाश म्हणालात ते माझ्या क्रमात बरोबर बसतं, सकाळी खालचं आणि दुपारी वरचं. एक भर घालतो. मुख्य दारातून शिरल्या शिरल्या जो व्हरांडा लागतो तिथल्या भिंतींवर २०२५ मध्ये नवीन प्रचंड चित्र लावलंय, ॲडम स्विजानोविच नावाच्या चित्रकाराचं. त्यात जुने आयरिश आहेत आणि आजचे स्थलांतरितही, हातात बॅगा-बोचकी घेऊन आलेले, शिवाय फायर ब्रिगेड आणि पोलिसवाले. काही लोकांना ते चर्चमध्ये शोभत नाही असं वाटतं, मला विचाराल तर खालच्या चर्चची ती विटांची भिंत बघून आलेल्या माणसाला ते चित्र लगेच कळतं. गर्दीत दारातच ढकलाढकली चालू असते म्हणून लोक न बघता आत जातात, बाहेर पडताना बघा.

भटकी_मांजर

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आईला वाचून दाखवलं, टूसाँपाशी दोनदा थांबवलं तिने मला. बावखल, पापनिवेदनाच्या खोलीत आत माणूस होता हे वाचून बाबा अजून हसतायत.

आता व्यवहाराचं. खालच्या चर्चमध्ये म्हणे मेणबत्त्या घेऊन तळघराची टूर असते, ती बाबांना झेपेल का? आणि दोन्हीकडे मिळून किती वेळ धरू, सोमवारचा दिवस मोकळा आहे, कोलंबस डे की काय ती सुट्टी आहे त्या दिवशी. टॉयलेटचंही सांगा, ज्येष्ठ मंडळींबरोबर तो पहिला प्रश्न असतो.

मीठ_मिरची

सोमवारी अजिबात जाऊ नका!! ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे कोलंबस डेची परेड, ती फिफ्थ अव्हेन्यूवरूनच जाते, कॅथेड्रलच्या दारावरून. रस्ता बंद, बॅरिकेड, फुटपाथ ओलांडायला चार चौक फिरून या. महिन्याच्या पहिल्या रविवारी पोलिश लोकांची पुलास्की परेड असते तीही तिथेच. दुसरा कुठलाही साधा दिवस घ्या.

टॉयलेटचं म्हणाल तर चर्चच्या भरवशावर राहू नका, रस्ता ओलांडून रॉकफेलर सेंटरच्या तळघरातल्या दुकानांच्या मजल्यावर आहेत, आधी तिथे जाऊन या मग निवांत बसा. प्रवेश फुकट आहे, दारात बॅगा तपासतात, पाठीवरची सॅक चालते पण चाकांची बॅग घेऊन आलात तर आत सोडत नाहीत, म्हणजे चेकआउट करून सामानासकट जायचा विचार असेल तर सोडून द्या. पायऱ्या चढायच्या नसतील तर गार्डला विचारा, बाजूच्या दाराने बिनपायऱ्यांचं आत घेतात. गाइडपेक्षा फोनवर ऐकायची ऑडिओ टूर घ्या, वेगळे पैसे पडतात पण बाबा बाकावर बसल्या बसल्या ऐकू शकतील, घोळक्याबरोबर चालत राहायची सक्ती नाही.

जर्सीचे_नाना

तळघराची टूर मांजरताई, तिकीट काढून असते, आधी ऑनलाइन बुक करावं लागतं. हातात बॅटरीवरची मेणबत्ती देतात, खऱ्या नाही. आत जुन्या घराण्यांच्या दफनाच्या कोठड्या आहेत, न्यूयॉर्कचं पहिलं नावाजलेलं रेस्टॉरंट काढणारे डेलमोनिको त्यातलेच, आणि जनरल थॉमस एकर्ट, लिंकनच्या युद्धखात्यात तारायंत्राचं काम बघणारा. एकर्टची कोठडी बघण्यासारखी आहे, छताला टाइल्सच्या सुंदर कमानी आणि एडिसनच्या काळातले दिवे. पण पूर्ण टूर उभ्याने आणि चालत, दफनभूमीतून वगैरे, बसायला फारसं नाही. बाबांच्या गुडघ्यांना नको म्हणेन. तुम्ही आणि आई जा, बाबांना वर चर्चमध्ये बाकावर बसवा, पेपर द्या हातात.

वेळ म्हणाल तर खाली टूरशिवाय एक तास पुरतो, टूर धरली तर अडीच तास. वर दोन तास, मिस्सेला बसलात तर जास्त. मध्ये जेवण.

जायचं-यायचं अगदी सोपं आहे आणि बाबांसाठी मुद्दाम बघून ठेवलंय. ब्रॉडवे लाफायेत स्टेशन खालच्या चर्चपासून पाच-सात मिनिटांवर, आणि तिथून बी, डी, एफ, एम कुठलीही अपटाउनची गाडी पकडली की थेट ४७-५० रॉकफेलर सेंटर, गाडी बदलायची नाही. बी किंवा डी मिळाली तर मधली दोन स्टेशनं गाळून जाते, पण बी शनिवार-रविवारी नसते. दोन्ही स्टेशनांना लिफ्ट आहे. फक्त निघायच्या आधी सबवेच्या ॲपवर लिफ्ट चालू आहे ना ते बघून घ्या, बंद असली तर टॅक्सी करा, उगाच बाबांना जिने चढवू नका.

भटकी_मांजर

मग मंगळवार पक्का केला, सकाळी खाली, दुपारी वर. टूर मी आणि आई करतोय, बाबांनी पेपरची अट मान्य केलीय पण पेपर मराठी हवा म्हणतायत, तो आता कुठून आणू. बावखल, मंगळवारी दुपारची मिस्सा साधारण किती वाजता धरू?

बावखल

दुपारी १२ ते १ च्या आसपास असतात, पण सणावाराला बदलतात, कॅथेड्रलच्या वेबसाइटवर आदल्या दिवशी बघून घ्या. तुम्ही खालून येईपर्यंत ती हुकली तर संध्याकाळची ऑफिस सुटायच्या वेळची धरा, ती मला स्वतःला जास्त आवडते, पर्यटक निम्मे होतात आणि ऑफिसमधली माणसं लॅपटॉपच्या बॅगा बाकाखाली सरकवून येऊन बसतात. काकूंना वेदी नीट दिसेल अशा बाकावर बसवा, जाडजूड खांब आडवा येणार नाही एवढं बघा.